साखर कारखान्याचा गाळप परवाना

दसरा जवळ आला की आमच्या ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचे समारंभ सुरू होतात. मांडव पडतो, पूजा होते, अध्यक्षांचे भाषण होते. पुढे काही दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकली जाते, भोंगा वाजतो आणि पंचक्रोशीतल्या माणसांना कळते की हंगाम लागला. ज्या एका कागदावाचून ही मोळी टाकता येत नाही, तो कागद मात्र त्या समारंभात कोणी पाहत नाही. तो कागद म्हणजे गाळप परवाना. आज त्याच्याविषयी आपणांशी थोडे बोलावयाचे आहे.

हा विषय कचेरीतला आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. मी वाणिज्य शाखेचा अध्यापक आहे आणि माझ्या वर्गातली निम्मी मुले उसाच्या पैशावर शिकतात. कारखान्याकडून बिल आले की त्यांची फी येते, बिल लांबले की फी लांबते. परवान्याचा आणि त्या फीचा संबंध पुढे आपल्या लक्षात येईल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. कारखाना उभा करण्याची परवानगी वेगळी आणि दरसाल ऊस गाळण्याचा परवाना वेगळा. पहिली एकदाच मिळवावयाची असते. दुसरा प्रत्येक हंगामाला नव्याने घ्यावा लागतो.

उभारणीची हकीकत आधी सांगतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९५१ साली, केंद्र सरकारने उद्योगांचे नियमन करणारा कायदा केला. साखर धंदा त्या कायद्याखाली आला आणि पुढे कित्येक वर्षे नव्या कारखान्याला दिल्लीहून परवाना आणावा लागे. १९९८ मध्ये साखर धंदा ह्या सक्तीतून मोकळा झाला. तेव्हापासून कारखाना काढणाऱ्याने केंद्राकडे आपल्या बेताचे निवेदन दाखल करावयाचे असते. कारखानदारीत त्याला ‘आयईएम’ म्हणतात.

मोकळीक झाली म्हणजे कोणीही कोठेही कारखाना काढावा, असे मात्र नाही. ऊस हा नाशवंत माल आहे. तोडल्यापासून त्याचे वजन घटू लागते आणि आतली साखरही कमी होऊ लागते. म्हणून तो शक्यतो एका दिवसाच्या आत गाळला गेला पाहिजे. एकाच ओढ्याच्या दोन काठांना दोन कारखाने झाले तर दोघांनाही पुरेसा ऊस मिळणार नाही. दोघेही अर्धपोटी चालतील आणि दोघांचेही कर्ज थकेल. ह्याकरिता २००६ साली केंद्राने ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर ठेवले. महाराष्ट्राने पुढे ते २५ किलोमीटर ठरविले. हवाई अंतर म्हणजे रस्त्याच्या वळणांचे अंतर नव्हे. नकाशावर सरळ रेघ ओढून मोजलेले अंतर. शिवाय कारखाना खरोखर उभारणार ह्याची हमी म्हणून एक कोटी रुपयांची बँक हमी द्यावी लागते. नुसती जागा अडवून ठेवणाऱ्याला आळा बसावा, हा त्यातला हेतू.

आता चालू कारखान्याकडे वळू. समजा, यंत्रे बसली, चिमणी उभी राहिली. तरीही गाळपापूर्वी अनेक दारे ठोठवावी लागतात आणि प्रत्येक दारामागे एक कारण आहे.

पहिले दार बॉयलरचे. बॉयलरमध्ये दाबाखाली वाफ कोंडलेली असते. पत्रा झिजला वा सांधा सैल झाला तर भोवतालच्या माणसांच्या जिवावर बेतते. त्यामुळे निरीक्षकाने तपासून प्रमाणपत्र दिल्यावाचून बॉयलर पेटविता येत नाही आणि हे प्रमाणपत्र फार तर बारा महिन्यांचे असते. ह्यासाठी १९२३ चा कायदा शंभर वर्षे चालला. त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा आला.

दुसरे दार कामगारांच्या सुरक्षिततेचे. फिरत्या चाकाला जाळी आहे काय, उंचावरच्या जिन्याला कठडा आहे काय, आग लागली तर बाहेर पडण्यास वाट आहे काय, हे पाहण्याचे काम राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे. कारखान्याचा परवाना पूर्वी १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली मिळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा केंद्राच्या कामगारविषयक नव्या संहितेने घेतली आहे. कायद्याचे नाव बदलले, तरी चाकाला जाळी हवी हा नियम काही बदललेला नाही.

तिसरे दार प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. मळीचे पाणी ओढ्यात सोडले की खालच्या गावच्या विहिरी बिघडतात. ज्याने हे भोगले आहे त्याला अधिक सांगावयास नको. पाण्यासंबंधी १९७४ चा आणि हवेसंबंधी १९८१ चा, अशा दोन कायद्यांखाली कारखान्याला उभारणीपूर्वी एक आणि चालविण्यापूर्वी एक, अशा दोन संमती घ्याव्या लागतात.  

चौथे दार वजनकाट्याचे. काटा तपासून त्यावर शिक्का मारण्याचे काम वैधमापन खात्याचे आहे. काट्याविषयी गावोगाव काय काय बोलले जाते, ते मी येथे सांगत बसत नाही.

ही सर्व दारे ओलांडल्यावर कारखाना येतो साखर आयुक्तांच्या दारी. आयुक्तालय पुण्यास आहे. निरनिराळ्या विभागांत प्रादेशिक सहसंचालकांच्या कचेऱ्या आहेत आणि अर्ज त्यांच्यामार्फत जातो. १९६६ चा केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश आणि त्याच्या आधारे निघालेला महाराष्ट्राचा १९८४ चा आदेश, ही ह्या परवान्याची कायद्यातील मुळे आहेत. दोन्ही आदेश जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्याला जोडलेले आहेत. म्हणून परवान्यावाचून गाळप करणे ही किरकोळ चूक ठरत नाही, तो गुन्हा ठरतो.

हंगाम कोणत्या तारखेस सुरू करावयाचा, हे राज्याची मंत्री समिती ठरविते. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, २०२५-२६ चा १ नोव्हेंबरला. तारीख ठरविण्याचे कारण असे की फार लवकर तोडलेला ऊस कच्चा असतो. त्यात साखर भरलेली नसते आणि उतारा पडतो. उलट तारीख फार लांबली तर सीमेवरचा ऊस शेजारच्या राज्यात जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रोत्यांना ही ओढाताण चांगली परिचयाची आहे.

आता मुख्य मुद्दा. अर्ज करताना कारखान्याने काय दाखवावयाचे? यंत्रांची क्षमता, उपलब्ध ऊस, तोडणी-वाहतुकीची व्यवस्था हे तर आलेच. परंतु आयुक्त मुख्यतः पाहतात तो मागील हंगामाचा हिशेब. शेतकऱ्यांना ऊसदर पूर्ण दिला काय? सरकारची देणी भागविली काय? ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी टनामागे द्यावयाची रक्कम भरली काय? मागची बाकी असेल तर परवाना अडतो.

ऊसदराचा हा हिशेब कसा होतो, ते उदाहरणाने पाहू. शिक्षकांनी फळ्यावर मांडून घ्यावा असाच तो आहे.

केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरविते. त्यालाच आपण ‘एफआरपी’ म्हणतो. ही पद्धत २००९-१० च्या हंगामापासून आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर ठरला. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर. त्यापुढे दर ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. समजा, एका कारखान्याचा उतारा ११.२५ टक्के आहे. म्हणजे उतारा १ टक्क्याने जास्त, ०.१ च्या दहा पायऱ्या. वाढ झाली ३४ रुपये ६० पैसे. दर झाला क्विंटलला ३८९ रुपये ६० पैसे, म्हणजे टनाला ३,८९६ रुपये. ह्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा जातो. तो टनाला ९०० रुपये धरू. शेतकऱ्याच्या हाती टनाला २,९९६ रुपये यावेत. एखाद्या लहान शेतकऱ्याचा ४० टन ऊस गेला असेल, तर त्याचे येणे झाले १,१९,८४० रुपये.

हे पैसे केव्हा द्यावयाचे? १९६६ च्या आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत. त्यानंतर उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज. चौदा दिवसांनंतर आणखी साठ दिवस पैसे राहिले, तर वरील रकमेवर व्याज होते सुमारे २,९५५ रुपये. हे व्याज म्हणजे कारखान्याची मेहेरबानी नव्हे, ते शेतकऱ्याचे कायदेशीर येणे आहे. त्यावरही कारखान्याने पैसे दिलेच नाहीत, तर आयुक्त वसुलीचे प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती रक्कम वसूल करतात. २०२२ साली राज्य सरकारने हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

कारखान्याची बाजूही ऐकली पाहिजे. रोज २,५०० टन गाळणारा कारखाना १२० दिवस चालला, तर ३ लाख टन ऊस गाळतो. टनाला तीन हजार धरले तरी शेतकऱ्यांचे देणे ९० कोटी रुपये होते आणि ते चार-साडेचार महिन्यांत द्यावयाचे. साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकली जाते. कोणत्या महिन्यात किती साखर विकावयाची, हेही केंद्राकडून ठरून येते. मधली फट भरण्यासाठी कारखाना साखर तारण ठेवून बँकेकडून उचल घेतो. साखरेचा भाव पडला की उचल कमी मिळते आणि बिले लांबतात. म्हणजे प्रत्येक थकबाकीमागे लबाडीच असते, असे नाही. कधी लबाडी असते, कधी ढिसाळ कारभार असतो, कधी बाजार असतो. परवाना देणाऱ्याला ह्यांतले काय आहे ते ओळखावे लागते.

येथे मला घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांचा ऊस ज्या कारखान्यास जात असे, त्याच्याकडे आदल्या हंगामाची बाकी राहिली होती. मामांचेही पैसे त्यात अडकले होते. ऑक्टोबर संपला, शेजारचे कारखाने सुरू झाले, ह्या कारखान्याचा परवाना मात्र अडला. गावात दोन तट पडले. एकजण म्हणे, परवाना देऊच नका, त्याशिवाय हे पैसे काढणार नाहीत. दुसरा म्हणे, अरे, फडात ऊस उभा आहे, त्याला तुरा येतोय, तो काय चुलीत घालायचा? मी सुट्टीत मामांकडे गेलो होतो. ते ओसरीवर बसून म्हणाले, “भाचेबुवा, तू शिकलेला आहेस, तूच सांग. परवाना द्या म्हणावं तर मागचं गेलं, देऊ नका म्हणावं तर पुढचं गेलं. माझं मत कुणीकडं धरायचं?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे तीन आठवड्यांनी कारखान्याने कोठून तरी पैसे उभे केले, बाकी भरली आणि परवाना मिळाला. मामांचे जुने पैसे आले. पण तोडणीच्या टोळ्या तोवर दुसऱ्या कारखान्याकडे गेल्या होत्या. मामांचा ऊस गेला तो शिवरात्रीनंतर, वाळून हलका झालेला. त्यांनी वहीच्या एका पानावर आलेले व्याज लिहिले आणि समोरच्या पानावर घटलेले वजन. घटीचा आकडा मोठा होता.

त्या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला आहे. आज मला त्याचे उत्तर असे वाटते की ऑक्टोबरात विचारला तर ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. त्या वेळी परवाना अडविला तरी शेतकऱ्याचे नुकसान, सोडला तरी त्याचेच नुकसान. हा प्रश्न विचारण्याची वेळ आधीच येऊन गेलेली असते. ज्या दिवशी पहिली मोळी गव्हाणीत पडते, त्या दिवसापासून पंधराव्या दिवशी पहिल्या बिलाची मुदत संपलेली असते. पुढच्या वर्षीच्या परवान्याचे नूतनीकरण खरे तर त्याच दिवशी सुरू होते. तेव्हा पैसे आले नाहीत आणि कोणी विचारले नाही. जानेवारीत आले नाहीत, कोणी विचारले नाही. मार्चात धुराडे थंड झाले, तरी कोणी विचारले नाही. आणि मग ऑक्टोबरात एकदम सगळा भार त्या एका कागदावर टाकला, तर तो कागद तरी काय करणार?

म्हणून श्रोत्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, वजनाची पावती जपून ठेवा. त्यावरची तारीख महत्त्वाची आहे, कारण चौदा दिवस त्या तारखेपासून मोजावयाचे असतात. पावती गाडीवानाच्या खिशात राहू देऊ नका. त्याच दिवशी घरी आणून वहीत नोंद करा.

दुसरी, चौदा दिवस उलटले की कारखान्याच्या शेती कचेरीत लेखी विचारा. तोंडी विचारलेले राहत नाही. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवून तीवर पोच घ्या. तेथे दाद लागली नाही, तर प्रादेशिक सहसंचालकांकडे अर्ज करा. एकट्याने जाण्यापेक्षा दहा जणांनी मिळून सही केलेला अर्ज बरा. अर्जात पावती क्रमांक, तारीख आणि वजन ह्या तीन गोष्टी लिहिल्या की पुरे; रागाचे शब्द लिहिण्याचे कारण नाही.

तिसरी, ऊस घालण्यापूर्वी त्या कारखान्याला चालू हंगामाचा परवाना मिळाला आहे काय आणि मागील दर पूर्ण दिला आहे काय, हे पाहून घ्या. हंगामात किती दर दिला, किती राहिला, ह्याचे अहवाल साखर आयुक्तालय दर पंधरवड्याला काढते. आपल्या गावातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा ते मोबाइलवर पाहून सांगू शकेल. सोसायटीच्या फळ्यावर त्यातला आपल्या कारखान्यापुरता आकडा लिहून ठेवला, तर चावडीवरच्या निम्म्या अफवा थांबतील.

चौथी गोष्ट कारखान्याच्या सभासदांसाठी. वार्षिक सभेत आपण जेवणाची चौकशी करतो, साखरेच्या कोट्याची करतो. त्याच सभेत एक प्रश्न विचारावा : बॉयलरचे प्रमाणपत्र आणि गाळप परवाना ह्यांच्या मुदती केव्हा संपतात आणि अर्ज केव्हा जाणार? ज्या व्यवस्थापनाला ह्या तारखा न पाहता सांगता येतात, त्याचा कारभार बहुधा नीट चाललेला असतो. ज्याला हंगामाच्या तोंडावर धावपळ करावी लागते, त्याच्या घरात कोठे तरी काही अडलेले असते.

शिक्षक मंडळींना एक विनंती. शेकडेवारी आणि सरळव्याज शिकविताना पुस्तकातली उदाहरणे सोडवूनच घ्या. पण एखादे दिवशी मुलांना घरची उसाची पावती आणावयास सांगा. उतारा, दर, वजावट आणि व्याज ह्यांचा हिशेब त्यांना करू द्या. ज्या घरात ऊस नाही, तेथे दूध संघाची पावती चालेल. सातवीतल्या मुलीने बापाच्या पावतीवर पेन्सिलीने व्याज काढून दाखविले, तर तो बाप पंधराव्या दिवशी कचेरीत गेल्यावाचून राहणार नाही.

माझे मामा आता थकले आहेत. ऊस अजून लावतात, पण हिशेब त्यांचा नातू ठेवतो. त्याने वहीत एक नवा रकाना पाडला आहे : ऊस गेल्याची तारीख, आणि शेजारी तीत चौदा मिळवून आलेली तारीख. तो रकाना मी पाहिला, तेव्हा ओसरीवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर घरातच सापडले आहे, असे मला वाटले.